सहा वेळा आमच्या घरी आलेल्या आशाताईंना

प्रिय आशाताई,

परवा लेक एक वर्षाची झाली. तिला ओवाळताना सारखी तुमचीच आठवण येत होती.

जन्मली तेव्हा ती २ किलो १०० ग्रॅमची. तिसऱ्या दिवशी गावच्या आशा आरोग्यसेविका म्हणून तुम्ही आलात, कोपरापर्यंत हात धुतलेत आणि मगच तिला झोळीच्या काट्यात ठेवलंत. सातव्या दिवशी पाऊस कोसळत होता, ओढा भरून वाहत होता. आज काही तुम्ही येत नाही, असं मी धरूनच चालले होते. पण तुम्ही चिंब भिजून दारात उभ्या!

बाळ सकाळपासून निजूनच होतं. आम्हाला वाटलं, गुणी पोर, रडत नाही. तुम्ही आधी तिच्या पोटाला हात लावलात, मग तळव्यांना. पोट कोमट, तळवे गार. "शेवटचं कधी प्यायली?" मला सांगता येईना. सासूबाईंनी आंघोळीचं पाणी तापवलं होतं. "मावशी, आज आंघोळ नको, आईच्या अंगाची ऊब हवी," असं म्हणत तुम्ही तिला माझ्या उघड्या छातीशी धरलंत, टोपडं घातलंत, वरून शाल पांघरलीत. घड्याळ लावून श्वास मोजलेत. तरी ती दूध ओढेना, तेव्हा १०८ ला फोन केलात आणि गाडीत माझ्याशेजारी बसलात. जंतुसंसर्ग होता. पाच दिवसांनी आम्ही तिला घेऊन घरी आलो.

नवजात बाळाला घरी येऊन तपासायची ही पद्धत गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने ३९ गावांत रुजवली. गावातल्याच बायांना शिकवलं आणि बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. त्यांचाही मी ऋणी आहे. २०११ मध्ये हे काम देशभरच्या आशांकडे आलं, तेव्हा सहा भेटींचा मोबदला मिळून २५० रुपये ठरला होता. हे वाचलं तेव्हा मला रडू आलं. त्या ओढ्यातून येण्याचे त्यात किती धरले असतील?

बेचाळिसाव्या दिवशी काटा २ किलो ९५० वर थांबला आणि तुम्ही तो आकडा दोनदा मोठ्याने वाचलात.

बारशाला तुम्हाला येता आलं नाही, खालच्या वाडीत कुणाच्या तरी बाळाचा तिसरा दिवस होता. आता या रविवारी या. पुरण सासूबाई स्वतः घालणार आहेत, कुणाला हात लावू देत नाहीत. लेक भिंत धरून चालते. तुम्हाला दाखवायची आहे.

तुमची,
तिची आई