गृहनिर्माण मंत्र्यांना खुले पत्र: अकरा महिन्यांच्या करारावर म्हातारपण काढायचे कसे?

मा. गृहनिर्माण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: घर विकून भाड्याने राहू पाहणाऱ्या ज्येष्ठांना राहण्याची शाश्वती मिळण्याबाबत

महोदय, सप्रेम नमस्कार.

मे २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने ‘माझे घर, माझा अधिकार’ हे धोरण मंजूर केले. २०३० पर्यंत ३५ लाख घरे, असे त्यात म्हटले आहे आणि ज्येष्ठ नागरिकांचाही उल्लेख आहे. तो वाचून अनेकांना आशा वाटली. प्रत्यक्षात करार संपत आला की पंचाहत्तरीच्या जोडप्याला पूर्वी यायचा तोच फोन आजही येतो: “काका, पुढच्या महिन्यात जागा रिकामी करा.” कारण सांगायचे बंधन मालकावर नाही. घर विकून भाड्याने राहावे का, असे ज्येष्ठ विचारतात तेव्हा त्यांची कागदपत्रे आणि आकडेमोड आम्ही पाहतो. म्हणून हे पत्र हिशेबासकट लिहीत आहोत.

मुळात घर विकायचा विचार येतो कुठून? पुणे, ठाणे, डोंबिवली इथल्या १९८०-९० च्या दशकांतल्या तीन मजली, बिनलिफ्टच्या इमारती डोळ्यांपुढे आणा. तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाचा गुडघा गेला की त्याचे जग दोन खोल्यांचे होते. लिफ्ट बसवायची तर सोसायटीची मंजुरी, जागा आणि वर्गणी हवी, आणि तळमजल्यावरचे सभासद त्यासाठी पैसे द्यायला तयार नसतात. पुनर्विकासाचा ठराव ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयानंतर ५१ टक्के सभासदांच्या संमतीवर होऊ शकतो. पण त्यातही काही वर्षे भाड्याच्या घरात काढावीच लागतात, आणि बिल्डरने भाडे थकवले तर आधी हाल म्हाताऱ्यांचेच होतात. मग उरतो एकच विचार: हे घर विकावे, लिफ्ट आणि दवाखाना जवळ असलेली जागा भाड्याने घ्यावी, उरलेल्या पैशाच्या व्याजावर जगावे.

एक नमुना हिशेब पाहा. नवराबायकोच्या संयुक्त नावावरचा फ्लॅट ९० लाखांना विकला. जुन्या घराचा नफा करासाठी १ एप्रिल २००१ च्या किमतीपासून मोजता येतो. ती किंमत ८ लाख धरली तर भांडवली नफा, म्हणजे विक्रीतला नफा, ८२ लाख. साडेबारा टक्क्यांनी, उपकर धरून, कर सुमारे साडेदहा लाख. महागाई निर्देशांक लावून २० टक्क्यांचा पर्याय घेतला तर तो बारा लाखांच्या वर जातो. दलाली एक टक्का, नव्या जागेची अनामत एक लाख, सामानाची हलवाहलव. हातात साधारण ७७ लाख. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत प्रत्येकी ३० लाख, ८.२ टक्क्यांनी, म्हणजे महिन्याला ४१ हजार पडतात. पोस्टाच्या मासिक प्राप्ती योजनेत संयुक्त १५ लाख, ७.४ टक्क्यांनी, त्याचे ९,२५०. एकूण ५०,२५० रुपये. आजारपणासाठी बाजूला दोन लाख.

भाडे २५ हजार. पहिल्या वर्षी हे छान दिसते, आणि इथेच माणसे फसतात. करारात दर वर्षी दहा टक्के वाढ असेल तर नवव्या वर्षी भाडे ५३,५९० होते, म्हणजे सगळे व्याज भाड्यातच संपते. पाच टक्के वाढ असेल तर तेच पंधराव्या वर्षानंतर होते. व्याजाचा आकडा मात्र वाढत नाही. मुदत संपली की त्या वेळचा दर मिळतो. सत्तराव्या वर्षी घर विकलेल्या माणसाला एकोणऐंशीव्या वर्षी मुद्दल मोडून भाडे भरावे लागते, कारण वाढीला कायद्यात मर्यादाच नाही. म्हणूनच करारातला वाढीचा आकडा पहिल्या भाड्याइतकाच महत्त्वाचा आहे, असे आम्ही प्रत्येकाला बजावतो.

कर वाचवण्यासाठी भांडवली नफ्याचे रोखे घेता येतात, प्रत्येकी ५० लाखांपर्यंत, विक्रीपासून सहा महिन्यांत. पण ते पाच वर्षे अडकतात आणि व्याज सव्वापाच टक्के, म्हणजे कर वाचतो आणि महिन्याचा खर्च भागत नाही. नफ्यातून दुसरे घर घेतले तर करात सूट मिळते. भाड्याने राहिले तर मिळत नाही. घरभाड्याची वजावट जुन्या करपद्धतीत महिन्याला जास्तीत जास्त पाच हजार. नव्या पद्धतीत तीही नाही. पाच हजारांत पुण्यात काय मिळते, हे मंत्रालयात कुणी विचारले आहे का?

आता तुमच्या खात्याच्या कायद्याकडे येतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९. लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीपुरता जागा वापरायला देण्याचा, करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. कलम २४ म्हणते की मुदत संपल्यावर जागा सोडली नाही तर दुप्पट शुल्क. कुलूपबंद घरे बाजारात यावीत म्हणून मालकाला हे संरक्षण दिले, ते आम्हाला मान्य आहे. पण दुसऱ्या बाजूला काय दिले? नूतनीकरणाचा हक्क नाही, वाढीची मर्यादा नाही, अनामतीची मर्यादा नाही. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात निवासी जागेची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याइतकीच ठेवली आहे. महाराष्ट्राने तो स्वीकारलेला नाही. मुंबईत ‘हेवी डिपॉझिट’च्या (भाड्याऐवजी मोठी अनामत) नावाखाली म्हाताऱ्यांची आयुष्यभराची पुंजी अनोळखी मालकाच्या खात्यात पडून राहते, आणि परत मिळवायला दिवाणी दावा लावावा लागतो. ऐंशीव्या वर्षी दावा!

करार बहुधा अकरा महिन्यांचे. २५ हजार भाडे आणि एक लाख अनामत असेल तर मुद्रांक शुल्क जेमतेम सातशे रुपये, शहरात नोंदणी शुल्क एक हजार. खरा खर्च वेगळाच: दर वेळी एक महिन्याचे भाडे दलाली, ट्रक, आणि आधार, बँक, गॅस, निवृत्तिवेतन, मतदार यादी यांचे पत्ते बदलणे. ऑनलाइन नोंदणीत अंगठा लागतो आणि म्हातारपणी बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात. यंत्र तीन-तीनदा नाकारते, एजंट “उद्या या” म्हणतो. बुबुळ तपासणारे यंत्र प्रत्येक एजंटाकडे नसते.

या सगळ्यामुळे आम्ही आधी विकू नका असे सांगतो. स्वतःचे घर भाड्याने द्या, त्या पैशात भर घालून लिफ्टचे घर घ्या आणि वर्षभर राहून बघा. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी बिगरवापर शुल्क घेईल, पण ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांवर नेता येत नाही. त्याहून जास्त मागितले तर १ ऑगस्ट २००१ चा शासन निर्णय दाखवा. अडचण एवढीच की बिनलिफ्टच्या तिसऱ्या मजल्याला भाडे कमी येते आणि फरक खिशातून जातो.

दुसरा मार्ग रिव्हर्स मॉर्गेजचा. २००७ पासून ही सोय आहे: वय ६० च्या पुढे, घरात राहायचे, बँक हप्त्याने पैसे देते, हयातीत परतफेड नाही. पण इमारतीचे उर्वरित आयुष्य किमान वीस वर्षे असावे, अशी अट आहे. ज्यांना गरज आहे ते चाळीस वर्षे जुन्या इमारतीत राहतात, म्हणजे नेमके तेच बाहेर राहतात. शाखेत चौकशी केली तर अधिकाऱ्याला ही योजना माहीत नसते.

कर दिल्लीचा, भाड्याचा कायदा तुमचा, सोसायटी सहकार खात्याची, लिफ्टची मंजुरी महापालिकेची. प्रत्येक खिडकी पुढच्या खिडकीकडे बोट दाखवते आणि काठी टेकत फिरतो तो म्हातारा. साहेब, ज्येष्ठांचा दिवस साजरा करणाऱ्या सरकारला ही दमछाक दिसत नाही याचा आम्हाला मनापासून राग आहे.

वयामुळे घर नाकारणाऱ्या मालकांची भीतीही खरी असते: माणूस एकटाच गेला तर सामान कुणाकडे सोपवायचे, जागेचा ताबा कसा मिळायचा? उपाय साधा आहे. करारातच जागा सोपवण्यासाठी एका व्यक्तीचे नाव लिहून घ्यावे आणि तीस दिवसांत ताबा द्यावा. असा नमुना मसुदा नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ठेवायला विधेयकही लागत नाही.

त्याच मसुद्यात ६५ वर्षांवरील व्यक्तीसाठी किमान ३६ महिन्यांची मुदत ठेवा. त्या काळात मालकाने काढायचे नाही. ज्येष्ठाला मात्र आजारपणात महिन्याच्या सूचनेवर जागा सोडता यावी. वाढ पाच टक्क्यांपर्यंत आणि अनामत दोन महिन्यांची, एवढे अधिनियमात दुरुस्ती करून घाला. अशा मालकाला मालमत्ता करात सवलत देण्यासाठी महापालिकांशी बोला. घर विकून भाड्याने राहणाऱ्या ज्येष्ठांना भांडवली नफ्यात सूट मिळावी म्हणून केंद्राला राज्याचे अधिकृत पत्र पाठवा. प्रत्येक दुय्यम निबंधक कार्यालयात बुबुळ तपासणारे यंत्र बसवा.

यातल्या कोणत्या गोष्टी कधी होतील, ते तारखांसह लेखी कळवावे.

आपले,
ज्येष्ठांच्या घराची कागदपत्रे पाहणारे काही नागरिक, पुणे