तक्रार: उंदीर हलतो हे आम्हाला माहीत आहे, म्हणूनच तुमचा मिनिस्कोप घेतला होता

सर्व्हिस टीमला नमस्कार,

उंदीर फिरत असताना त्याच्या मेंदूतल्या पेशी बघायला डोक्यावर बसवायच्या थ्रीडी मिनिस्कोपबद्दल, म्हणजे छोट्याशा मायक्रोस्कोपबद्दल, फोन झाले, मेल झाले, आता रीतसर लेखी तक्रार करतोय, कारण तुमच्या इंजिनिअरनी "ॲनिमल मूव्हमेंटमुळे फोकस जातो" एवढंच लिहून तिकीट बंद करून टाकलं. अहो, उंदीर हलणार नसता तर त्याचं डोकं फिक्स करून मोठ्या टू-फोटॉन मायक्रोस्कोपखाली ठेवला असता ना, हे एवढंसं यंत्र कशाला घेतलं असतं?

बरं, उंदराचा दोष आहे का ते पण बघितलं. फ्लुरोसंट बीड्सची (चमकणाऱ्या बारीक मण्यांची) स्लाइड टेबलावर ठेवली, त्यावर स्कोप क्लॅम्प केला, एलईडी चालू केला आणि कशालाही हात न लावता नुसतं रेकॉर्डिंग करत बसलो. एलईडी गरम होत गेला तसा फोकस सरकत गेला, साधारण 20 मायक्रॉन, म्हणजे हिप्पोकॅम्पसमधल्या (आम्ही बघतो त्या मेंदूच्या भागातल्या) पेशीच्या जाडीपेक्षा जास्तच, सुरुवातीला दिसणारी पेशी नंतर गायब. बीड्स काही पळत नाहीत. व्होल्टेज बदलून फोकस बदलणाऱ्या तुमच्या लिक्विड लेन्सवर तापमानाचा परिणाम होतो हे तुम्हाला माहीत असणारच, मग त्याचं करेक्शन सॉफ्टवेअरमधे का नाहीये?

दुसरं म्हणजे "थ्रीडी". बर्कलेच्या लॅबनी 2020 मधे 2.5 ग्रॅमचा मिनिस्कोप दाखवला, त्यात फेज मास्क (प्रकाशाला खोलीनुसार वेगळा आकार देणारा ऑप्टिकल भाग) आहे आणि सगळी खोली एकाच एक्स्पोजरमधे येते, त्याला थ्रीडी म्हटलं तर पटतं. तुमचा लेन्सचा व्होल्टेज बदलून एकेक थर घेतो. त्यात वाईट काही नाही, यूसीएलए विद्यापीठाचा ओपन सोर्स मिनिस्कोप व्ही 4 पण लिक्विड लेन्सनीच फोकस बदलतो, पण ते तसं सरळ सांगतात. तुमच्या ब्रोशरवर मात्र "सायमल्टेनियस" छापलंय! कॅमेरा 30 फ्रेमचा, थर 5, म्हणजे सेकंदाला 6 व्हॉल्यूम (सगळ्या थरांचा एक पूर्ण संच), त्यात लेन्स स्थिर व्हायच्या आधीची प्रत्येक थराची पहिली फ्रेम धूसर येते ती टाकून द्यायची, म्हणजे प्रत्येक थराला दोन फ्रेम लागतात, की उरले 3. उंदीर सेकंदाला 20 सेंटीमीटरनी पळाला तर दोन व्हॉल्यूमच्या मधे तो जवळपास 7 सेंटीमीटर पुढे गेलेला असतो, आम्ही प्लेस सेल (उंदीर ठरावीक जागी आला की पेटणाऱ्या पेशी) बघतोय, कुठली पेशी नेमकी कुठे पेटली ते यातून कसं सांगायचं?

वजनाचं पण तसंच, ब्रोशरवर 2.4 ग्रॅम आणि आमच्या काट्यावर बेसप्लेट (स्कोप डोक्यावर बसवायची पट्टी), स्क्रू आणि डोक्यावर येणारा वायरचा तुकडा धरून 3.3. उंदीर 25 ग्रॅमचा, तो मान खाली घालून कोपऱ्यात बसतो आणि ॲनिमल एथिक्स कमिटीला आम्ही लिहून दिलेला आकडा तुमच्या ब्रोशरमधला. त्या उंदरांना पेशी चमकाव्यात म्हणून व्हायरस देऊन मेंदूत ग्रिन लेन्स (आतलं दृश्य वर आणणारी बारीक लेन्स) बसवलेली आहे, त्यामागे कित्येक आठवडे जातात, स्कोप बदलून मिळेल हो, ते उंदीर कुठून बदलून आणायचे.

तर लेन्सचं मॉड्यूल वॉरंटीमधे बदलून द्या, आणि ते होईपर्यंत दुसरा स्कोप वापरायला द्या. प्रत्येक फ्रेमला लेन्स कुठे होती ते टाइमस्टॅम्पसकट रॉ डेटामधे द्या, आत्ता तुमची फाइल तुमच्याच सॉफ्टवेअरमधे उघडते आणि त्यातही ही माहिती नसते. आणि सगळं धरून खरं वजन किती ते लेटरहेडवर पाठवा, कमिटीला दुरुस्ती द्यायचीये. ग्रँटचा हिशोब 31 मार्चला बंद होतो त्यामुळे "हेड ऑफिसला कळवलंय" हे उत्तर चालणार नाही.

बीड्सचे व्हिडिओ, काट्यावरचा फोटो आणि पर्चेस ऑर्डर जोडलीये. इंजिनिअर पाठवणार असाल तर आधी नाव कळवा, ॲनिमल हाऊसमधे जायला परवानगी काढावी लागते.