पार्श्वभूमी धूसर करण्याचा सराव : रविवारची सूचना

छायाचित्रण गटाच्या सर्व सभासदांना कळविण्यात येते की, येत्या रविवारी सकाळी ७ वाजता पुण्यात पर्वतीच्या पायऱ्या सुरू होतात तेथे आपण जमणार असून, स्वतःजवळ असलेल्याच लेन्सने पार्श्वभूमी किती व कशी धूसर होते, हे प्रत्येकाने पडताळून पाहायचे आहे. यासाठी नवी लेन्स विकत घेऊ नये; उसनीही आणू नये.

लेन्समधील प्रकाश आत सोडणारे छिद्र जितके मोठे, तितकी पार्श्वभूमी अधिक धूसर; एफचा आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे. ५० मिमी, एफ/१.८ लेन्सचे छिद्र पूर्ण उघडल्यावर सुमारे २८ मिमी असते, तर कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या १८-५५ मिमी किट लेन्सचे ५५ मिमीवर, एफ/५.६ ला, जेमतेम १० मिमी. तरीही विषयाच्या जवळ गेल्यास आणि पार्श्वभूमी दूरची निवडल्यास किट लेन्सही निराश करत नाही, असा माझा अनुभव आहे.

- विषय व कॅमेरा न हलवता एफ/८ पर्यंत छिद्र टप्प्याटप्प्याने लहान करावे. पानांआडून येणाऱ्या उजेडाचे गोल ठिपके बहुतेक लेन्समध्ये छिद्र लहान-मोठे करणाऱ्या पात्यांच्या संख्येनुसार बहुकोनी होत जातात, त्यांकडे विशेष लक्ष द्यावे.
- मोबाइलचा पोर्ट्रेट मोड (सॉफ्टवेअरने पार्श्वभूमी धूसर करणारा) येथे ग्राह्य नाही.
- पायऱ्यांवर ट्रायपॉड लावू नये, तसेच अनोळखी व्यक्तींचे छायाचित्र विचारल्याशिवाय काढू नये.

प्रत्येकाने संपादन न केलेली तीनच छायाचित्रे मंगळवारपर्यंत गटावर पाठवावीत.