अग्निशमन केंद्रात सामुदायिक न्याहारी व्हावी

महोदय,

१ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. त्या दिवसाच्या वर्धापनदिनी, झेंडावंदनानंतर, शहरातील अग्निशमन केंद्रांत जवान आणि रहिवासी यांची सामुदायिक न्याहारी व्हावी, अशी माझी महापालिकेला विनंती आहे. आमच्या चाळीत मीटरच्या पेटीला लागलेली आग विझवल्यावर एक जवान जिन्याच्या पायरीवर टेकला. काजळीने माखलेल्या हातांत धरलेल्या कपातले दोन घोट होतात न होतात तोच दुसरी वर्दी आली आणि चहा तिथेच राहिला. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाच्या स्फोटात दलाचे ६६ जवान मृत्युमुखी पडले, म्हणूनच तो दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो, हे भायखळ्याच्या मुख्यालयावरून रोज जाणाऱ्या अनेकांना ठाऊक नसते. गल्लीत आडवी लावलेली एक मोटारही बंबाला कशी अडवते, हे चालकाने मुलांना शेजारी बसवून दाखवले, तर ते फलकांपेक्षा अधिक पटेल. न्याहारीच्या वेळी वर्दी आलीच, तर जवान अर्थातच उठतील. त्यांच्या पोह्यांच्या बशा आम्ही झाकून ठेवू.

– एक रहिवासी, भायखळा, मुंबई