पाळकसाहेब, तुमच्या कपाटासाठी

आदरणीय पाळकसाहेब,
सप्रेम जय ख्रिस्त.

समोर बसून आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं, बरं, चहा घ्या" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र चारचौघांच्या देखत लिहितोय. आपल्या नगर जिल्ह्यात एकेका पाळकाकडे कितीतरी गावांच्या मंडळ्या, म्हणजे चर्चं, असतात. ते दुसऱ्या गावी गेले की माझ्यासारखा शाळामास्तर उपदेशाला उभा राहतो. सेमिनरीची, म्हणजे पाळक घडवणाऱ्या शाळेची, पायरीही न चढलेल्या माणसाने हे शिकायचं कुठे? मी ते तुमच्या कपाटातल्या उपदेशसंग्रहांतून शिकलो, आणि ते वाचायचे कसे, हे तुम्ही दाखवलंत.

एकोणिसाव्या शतकातला इंग्रज उपदेशक चार्ल्स स्पर्जन, त्याचा खंड हातात देण्याआधी तुम्ही त्याच्या छपाईची हकिगत सांगितलीत. लंडनमध्ये हजारोंच्या मंडळीपुढे हा माणूस मुद्द्यांचा लहानसा कागद घेऊन उभा राही. लघुलेखक उपदेश उतरवून घेई, सोमवारी स्पर्जन तो तपासून दुरुस्त करी आणि त्याच आठवड्यात तो एका पेनीला विकायला येई. १८५५ मध्ये सुरू झालेली ही छपाई तो १८९२ मध्ये वारल्यावरही चालू राहिली आणि १९१७ मध्ये महायुद्धातल्या कागदटंचाईत थांबली. ६३ खंड, साडेतीन हजारांवर उपदेश! हे आकडे ऐकून मी गप्पच झालो होतो. तेव्हा तुम्ही म्हणालात, "मास्तर, तुम्ही वाचताय तो सोमवारचा उपदेश आहे, रविवारचा नव्हे." त्या घोटीव वाक्यांचं दडपण त्या दिवशी उतरलं ते उतरलंच.

मग तुमची शिस्त. आधी शास्त्रभाग वाचायचा, मोठ्याने. मग वहीत आपला आराखडा. पुस्तक उघडायचं ते त्यानंतरच, आणि तेही "काय म्हणाला" यापेक्षा "आधी काय घेतलं, नंतर काय, आणि काय सोडलं" हे पाहायला.

बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या १३ व्या अध्यायातल्या पहिल्या पाच ओव्यांवर आपण बसलो होतो, तो उपदेश १८६१ चा. त्या वर्षी २५ ऑगस्टला, रविवारी, ब्रायटनच्या रेल्वेमार्गावर क्लेटनच्या बोगद्यात दोन गाड्यांची टक्कर होऊन २३ माणसं गेली. आठवडा उलटतो न उलटतो तोच केंटिश टाउनला दुसरा अपघात. प्रभूच्या दिवशी, म्हणजे रविवारी, प्रवास करणाऱ्यांना देवाने शिक्षा दिली, असं धार्मिक मंडळी बोलू लागली. स्पर्जन ८ सप्टेंबरला बोलला. माझ्या वहीत पहिला मुद्दा पश्चात्तापाचा होता, कारण वचनात तोच ठसठशीत दिसतो. स्पर्जन तिथे घाईने जात नाही. अपघातात भलेबुरे दोघेही सापडतात, त्या ओव्यांतल्या, शिलोहाचा बुरूज कोसळून मेलेले अठरा जण इतरांहून जास्त पापी नव्हते, मेलेल्यांचा न्याय करणारे आपण कोण, हे तो आधी सावकाश पटवतो. मृतांवरचा आरोप काढून घेतल्यावर मग ऐकणाऱ्यांकडे वळतो: तुमचं काय? (याच उपदेशाची एक प्रत आफ्रिकेत मिशनरी-प्रवासी लिव्हिंगस्टनच्या सामानात सापडली. तिच्यावर त्याने "फार छान" असा शेरा लिहिला होता. मास्तरकीत मुरलेल्या मला हा शेरा फारच आवडला.)

पुढे आमच्या मंडळीतला एक तरुण मोटारसायकलच्या अपघातात गेला आणि दफनविधीला बोलायचं माझ्यावर आलं. अंगणात कुजबुज तीच, कारण तेवढं निराळं: पोराने चर्चला येणं सोडलं होतं ना! मी स्पर्जनचं एकही वाक्य घेतलं नाही. क्रम घेतला, तोही अर्धा. आरोप काढून घेतला आणि थांबलो. त्या आईसमोर पश्चात्तापाचा मुद्दा काढणं मला बरं वाटलं नाही. तो पुढे एका रविवारी, भक्तीत घेतला. कपाटातली पुस्तकं माझ्या कामाला आली ती अशी.

हल्ली मोबाईलवर तयार उपदेश मिळतात आणि काही जण ते उदाहरणांसकट जसेच्या तसे म्हणून टाकतात. दुसऱ्याचा उपदेश वाचून दाखवण्यात मुळात लाज नाही. इंग्लंडमध्ये १५४७ मध्ये छापील उपदेशांचं पुस्तकच काढलं होतं, कारण गावोगावच्या कितीतरी धर्मगुरूंना उपदेश करता येत नव्हता. पण ते उघडपणे पुस्तकातून वाचत. उसनं आणलेलं "परवा माझ्या बाबतीत असं झालं" म्हणून सांगणं, हे मला पटत नाही.

स्पर्जनवर तुमचं प्रेम आंधळं नाही, हेही तुमचे उपकारच. एखादी ओवी उचलून तिच्या आजूबाजूचं सोडून देण्याची त्याची खोड जिथे जिथे दिसते, तिथे समासात तुमचं पेन्सिलीचं अक्षर आहे: "मागचं-पुढचं वाचा." शिवाय लंडनची बांधणी आपल्या माणसांना पेलत नाही असं दिसलं, तेव्हा तुम्ही मला कीर्तनाला पाठवलंत. कृष्णराव सांगळे आणि रेव्हरंड ना. वा. टिळक यांनी ख्रिस्ताचं कीर्तन केलं ते याच नगरच्या मातीत. पूर्वरंगात विषय मांडून उत्तररंगात आख्यान लावलं की मागच्या रांगेतली म्हातारी माणसंही पुढे सरकतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

पाळकीणबाईंचेही आभार. १८७५ मध्ये स्पर्जनच्या पत्नी सुझॅना यांनी, स्वतः आजारी असताना, गरीब पाळकांना पुस्तकं पाठवणारा निधी सुरू केला होता. तुमच्याकडे निधी नाही, पेन्शन आहे. आणि पाळकीणबाईंची ती वही आहे, जिच्यात नाव लिहिल्याशिवाय एकही पुस्तक उंबऱ्याबाहेर जात नाही.

शुभ शुक्रवारी उपदेशाला घेतात त्या ख्रिस्ताच्या क्रुसावरच्या सात उद्गारांपैकी पाचवा यंदा माझ्याकडे आला आहे: "मला तहान लागली आहे." स्पर्जनचा त्यावर उपदेश आहे, तुमच्या कपाटात आहे, हेही ठाऊक आहे. माझा आराखडा अजून दोन ओळींवर अडलाय. तो पुरा झाला की वही घेऊन येतो. तोवर तो खंड दुसऱ्या कुणाला देऊ नका, एवढं पाळकीणबाईंना सांगून ठेवा.

आपला,
शाळामास्तर