डेस्मो सर्व्हिसच्या बिलाबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: डुकाटी स्क्रॅम्बलरच्या न झालेल्या कामाचे लावलेले पैसे

महोदय,

माझी डुकाटी स्क्रॅम्बलर मोटरसायकल मी आपल्या पुण्यातील वर्कशॉपमध्ये 12,000 किलोमीटरच्या मोठ्या सर्व्हिससाठी दिली होती. गाडीसोबत आलेल्या बिलात ‘व्हॉल्व्ह स्प्रिंग, 4 नग, बदलले’ अशी ओळ आहे आणि तिच्यापुढे पार्टचे व मजुरीचे पैसे वेगवेगळे लावले आहेत. हे पैसे देणे मला मान्य नाही, कारण या गाडीच्या डेस्मो इंजिनात व्हॉल्व्ह (सिलिंडरची झडप) बंद करणाऱ्या नेहमीच्या स्प्रिंगा नसतातच.

इतर गाड्यांत कॅम (दांड्यावरचा फिरता उंचवटा) व्हॉल्व्ह उघडतो आणि स्प्रिंग तो मिटवते. डेस्मो इंजिनात प्रत्येक व्हॉल्व्हला उघडणारा एक रॉकर (छोटी तरफ) आणि मिटवणारा दुसरा, असे दोन रॉकर असतात आणि दोन्ही कॅमवरच चालतात. मिटवणाऱ्या रॉकरला मदतीला एक लहानशी स्प्रिंग असते, पण ती निराळी. तिला कोणी ‘व्हॉल्व्ह स्प्रिंग’ म्हणून बिलात लावत नाही.

1954 मध्ये फाबिओ ताल्योनी हे इंजिनिअर डुकाटीत आले. त्या काळी इंजिन फार वेगाने फिरू लागले की स्प्रिंग मागे पडायची आणि व्हॉल्व्ह वेळेवर बसायचा नाही. त्यावर ताल्योनींनी स्प्रिंगच काढून टाकली. 1956 मध्ये स्वीडनमधील हेडेमोरा येथे त्यांची 125 सीसीची डेस्मो पहिल्याच शर्यतीत जिंकली. 1968 मध्ये ही रचना रस्त्यावरच्या गाडीत आली, तर 1972 मध्ये इमोलाच्या 200 मैलांच्या शर्यतीत पॉल स्मार्ट आणि ब्रुनो स्पाज्जारी यांनी डेस्मोवर पहिले दोन क्रमांक घेतले. माझ्या गाडीच्या 803 सीसीच्या दोन सिलिंडरांत तीच परंपरा चालू आहे, आणि एवढी किंमत मोजून मी ही गाडी घेतली ती त्यासाठीच. तिच्यावर काम करणाऱ्याला निदान एवढे ठाऊक असावे, ही माझी अपेक्षा अवाजवी नाही.

फोनवर आपले सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर म्हणाले, “नव्या डुकाटीला स्प्रिंग असतात, सर.” काही गाड्यांना असतात, हे खरे. 2020 मध्ये जाहीर झालेल्या चार सिलिंडरांच्या ग्रांतुरिझ्मो इंजिनात कंपनीने स्प्रिंगा घातल्या आणि व्हॉल्व्ह तपासणी थेट 60,000 किलोमीटरवर नेली. ते इंजिन मल्टिस्ट्राडा व्ही 4 चे. माझी गाडी कोणती, हे आपल्याच जॉब कार्डवर लिहिलेले आहे.

मला खरी काळजी आहे ती जे काम व्हायला हवे होते त्याची. मोटो गुझ्झी कंपनीच्या व्ही 7 गाडीला स्क्रू आणि लॉकनट फिरवून टॅपेट (व्हॉल्व्ह आणि रॉकरमधली गॅप) लावता येतात. इथे मात्र गॅप मोजून योग्य जाडीचे शिम (गॅप भरणारे छोटे धातूचे तुकडे) घालावे लागतात. चार व्हॉल्व्ह, प्रत्येकी उघडण्याची आणि मिटण्याची गॅप, म्हणजे आठ मापे. जॉब कार्डवर एकही माप नाही आणि बिलात एकही शिम नाही. टायमिंग बेल्टचा (कॅम फिरवणाऱ्या पट्ट्याचा) ताण तपासल्याची नोंदही सापडत नाही. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून इंजिनाचे हेड कामातून जाते, हे आपल्याला मी सांगायला नको. गाडी घरी आणल्यापासून थंड असताना सुरू व्हायला वेळ घेते आणि तिचे आयडलिंग एकसारखे राहत नाही. सर्व्हिसला देण्यापूर्वी ही तक्रार नव्हती.

म्हणून माझी मागणी अशी. स्प्रिंगांच्या नावाने घेतलेली सर्व रक्कम, मजुरीसह, परत करावी. डेस्मोचे काम केलेल्या मेकॅनिककडून माझ्यासमोर आठही गॅप मोजून घ्याव्यात, लागतील ते शिम घालावेत आणि आधीची व नंतरची मापे सहीनिशी द्यावीत. बेल्टचा ताणही त्याच वेळी तपासावा. या सगळ्याची मजुरी मी पुन्हा देणार नाही. आणि ‘बदललेल्या’ त्या चार स्प्रिंगा जर खरोखर माझ्या गाडीतून निघाल्या असतील, तर त्या मला दाखवाव्यात.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्यावे. न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. तोवर गाडी मी चालवणार नाही. ती न्यायची झाल्यास टेम्पो आपण पाठवावा.

सोबत: बिल व जॉब कार्डची प्रत

आपला ग्राहक