बाघजानची विहीरसुद्धा जंगलाच्या बाहेरच होती

मा. संपादक, सप्रेम नमस्कार,

कालच्या अंकातला आसामच्या तेलावरचा लेख वाचला आणि रात्री धड झोप लागली नाही म्हणून सकाळीच टाइप करायला बसलोय. लेखकाचं म्हणणं काय, तर डिब्रू-सैखोवा राष्ट्रीय उद्यानात कोणी पाऊलसुद्धा ठेवणार नाही, तेलाची विहीर बाहेर खोदायची, तिथून जमिनीखालून तिरकं ड्रिलिंग करत आत जायचं, वरचं पानही हलणार नाही, मग पर्यावरणवाले बोंब कशाला मारतात. अहो, तिनसुकिया जिल्ह्यातल्या बाघजानची तेल-गॅसची पाच नंबरची विहीर कुठे होती? डिब्रू-सैखोवाच्या बाहेरच होती ना! हद्दीपासून एक किलोमीटरच्या आत, पण बाहेर.

मी बँकेच्या नोकरीत चार वर्षं तिनसुकियाला काढली. थंडीतला जवळजवळ प्रत्येक रविवार मागुरी बीलवर जायचा, बील म्हणजे तिकडचं मोठं पसरलेलं तळं. पहाटेच्या धुक्यात काही दिसायचं नाही तेव्हा आमचा होडीवाला दादा नुसत्या आवाजावरून कुठलं बदक ते सांगायचा. नदीतला डॉल्फिन मी पहिल्यांदा पाहिला तो त्यानेच बांबू पाण्यात रोवून होडी थांबवली म्हणून. तिकडे त्याला शिहू म्हणतात. करडी पाठ वर आली, फुस्स करून श्वास सोडला आणि गेली, बस एवढंच, पण अजून डोळ्यांसमोर आहे.

27 मे 2020 ला बाघजानची विहीर फुटली, म्हणजे आतला गॅस आवरेनासा होऊन बाहेर उसळायला लागला, तेव्हा मी रिटायर होऊन इथे डोंबिवलीत, लॉकडाऊनमध्ये घरात बसलेलो. दादाचा फोन आला. तो काय बोलतोय ते कळेच ना, मागे सारखी घरघर, जसं काही विमान अंगणात उभं आहे. मग त्याने फोटो पाठवला, परसातल्या केळीचं पान आणि त्यावर तुपाचा हात फिरवल्यासारखा तेलकट थर. गॅसबरोबर जे पातळ तेल येतं ते वाऱ्यावर उडून चहाच्या मळ्यांवर, भातावर, बीलच्या पाण्यावर पडत होतं. बीलमध्ये डॉल्फिन मरून तरंगताना मिळाला त्याचाही फोटो आला, तो मी डिलीट केला, बघवेना. 9 जूनला आग लागली, अग्निशमन दलाचे दोन जवान गेले, आणि विहीर पूर्ण शांत व्हायला नोव्हेंबरचा मध्य उजाडला. साडेपाच महिने! ही जंगलाबाहेरची विहीर.

लेखक लिहितात की 2021 च्या फेब्रुवारीत त्याच बीलवर मँडरीन बदक आलं, शंभरेक वर्षांनी, म्हणजे निसर्ग सावरला. साहेब, एक वाट चुकलेला पाहुणा आला म्हणून घरची माणसं परत आली असं होत नाही. मी 2022 मध्ये मुद्दाम गेलो होतो. दादा तिनसुकियात ई-रिक्षा चालवतो आता. मासे आणले तरी लोक वास घेऊन परत ठेवायचे म्हणाला, एक हंगाम रेटला, दुसऱ्या हंगामात होडी विकली. पंचनाम्याला आलेल्यांनी घर बघितलं, भिंतीची चीर मोजली. होडीचं काय विचारलं तर म्हणाले होडी तर चांगलीच आहे ना. होडी चांगलीच होती हो, पाणी गेलं होतं.

आणि उद्यानाखालच्या ज्या सात ठिकाणच्या ड्रिलिंगचं कौतुक चाललंय त्याला पर्यावरण मंजुरी मिळाली ती मे 2020 मध्येच, विहीर फुटायच्या जेमतेम दोन आठवडे आधी. पुढे डिसेंबरमध्ये गुवाहाटी उच्च न्यायालयाने जैवविविधतेच्या अभ्यासाच्या मुद्द्यावर त्याला स्थगिती दिली होती. लेखात यातला एक शब्द नाही. अमेरिकेचा दाखला मात्र आहे, की बघा अलास्काच्या अभयारण्यातही तेल काढायला निघालेत. निघालेत खरे, पण तिथे तेल काढायच्या हक्कांच्या जानेवारी 2025 च्या लिलावात एकाही कंपनीने बोली लावली नाही हेही सांगा ना वाचकाला. देशाला तेल लागतं हे मला कळतं, मीही गाडी चालवतो. पण धोका नाही असं लिहू नका. धोका आहे, आणि तो कोणाच्या दारात आहे ते लिहा.

जाता जाता आणखी एक. लेखासोबत तुम्ही गेंड्याचा मोठा फोटो छापलाय. तो काझीरंगाला शोभला असता. डिब्रू-सैखोवा ओळखलं जातं ते रानघोड्यांसाठी, देवहंसासाठी, म्हणजे पांढऱ्या पंखांच्या रानबदकासाठी. आसाम म्हटलं की टाका गेंडा, असं नका करू. यावर मी मागेही एकदा लिहिलं होतं, तेव्हा पत्राचा नेमका हाच भाग कापून बाकीचं छापलंत. या वेळी जागा कमी पडली तर माझ्या नोकरीबद्दलचं कापा, होडीचं आणि फोटोचं राहू द्या.

आपला,
एक जुना वाचक, डोंबिवली